शहीद भुजंगराव काष्टे मार्ग

पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं. पेंटरने पहिला शब्द बाकीच्यांपेक्षा मोठा काढला, कारण त्याला वेलांट्या चांगल्या जमतात आणि त्या शब्दात एक भली मोठी वेलांटी होती.

बाडमेरच्या पुढच्या वाळूत डिसेंबरातल्या पहाटे लोखंडी तोटीला हात लावला की हात तिथंच राहतो की काय असं वाटतं.

हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या आधी कपाळाकडं बघायचं, मग बांगड्यांकडं. तोंडाकडं नाही बघितलं तरी चालतं.

खडीचा एक ढीग. त्याच्यावर शेळी. ढीग आणि शेळी, दोन्ही नगरपालिकेच्या दप्तरी 'रस्त्याचे काम प्रगतिपथावर' या सदरात.

"युनिव्हर्सिटी गेली. रस्ता जाऊ द्यायचा न्हाई." असं नगराध्यक्ष दिनकरराव म्हणाले आणि तोंडातलं पान खिडकीतून नगरपालिकेच्याच भिंतीवर थुंकले.

*

तर भुजंग काष्टे. गाव सेलूच्या लाइनीवरचं. गावाचं नाव न सांगितलेलंच बरं. सांगितलं तर तिथले लोक सांगणाऱ्याला धरून त्याचा सत्कार करतील. सत्काराची त्या गावाला खाज आहे. कुणी दहावी झाला, सत्कार. कुणी दवाखान्यातून परत आला, सत्कार. आणि गावात लढाईवरून परत आलेला माणूस एकच, त्यामुळं पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, वर्षातून दोनदा भुजंगचे खांदे हक्काचे. शाली इतक्या साठल्या की बायकोनं, चतुराबाईनं, त्यांची एक गोधडी शिवली. सबंध गावानं केलेला सन्मान अंगावर घेऊन भुजंग घोरायचा.

एकाहत्तरच्या लढाईत तो बाडमेरकडं पाण्याची गाडी चालवायचा. एवढंच. मागच्या विहिरीवरून पाणी भरायचं, वाळूतून पुढच्या तुकडीला नेऊन द्यायचं. एकदा वरून विमान आलं. भुजंग गाडीखाली शिरला. टाकीला भोकं पडली, सगळं पाणी त्याच्या पाठीवर सांडलं, आणि जवळच काहीतरी फुटलं त्यात डावा कान गेला. पुढच्या तुकडीला त्या दिवशी पाणी पोचलं नाही. ह्याला शौर्य म्हणत नाहीत, आणि भुजंगनंही कधी म्हटलं नव्हतं. पण टँकरवाला म्हटलं की भाषणाला रंग चढत नाही. म्हणून हायस्कूलचे हेडमास्तर अण्णासाहेब, जे गावातल्या यच्चयावत कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचे, त्यांनी त्याला दरवर्षी थोडाथोडा पुढं सरकवत नेला. पहिल्या वर्षी तो गोळ्यांच्या वर्षावात होता. दोन-तीन वर्षांत शत्रूच्या छावणीपर्यंत गेला. ऐंशी साल उजाडेपर्यंत रणगाड्यावर चढला होता. भुजंग मंचावर बसून हे ऐकायचा, उजव्या कानानं, आणि मनात म्हणायचा: ह्या लोकांना पाणी द्यायला मी जिवंत आलो.

कारण परत आल्यावरही त्याच्या नशिबात पाण्याचीच गाडी होती. नगरपालिकेनं टँकर घेतला होता. माजी सैनिक म्हणून भुजंगला त्याच्यावर बसवला. पुढं पाणीपुरवठा निरीक्षक वारले तेव्हा त्यांचं काम त्याच्याकडं आलं. काम आलं, पद नाही. 'प्रभारी' हा शब्द त्याच्या नावापुढं लागला तो लागलाच. निरीक्षकाचं काम करायचं आणि टँकरही चालवायचा.

गावाविषयी त्याचं मत सरळ होतं. हे गाव पाण्याच्या लायकीचं नाही. उन्हाळ्यात टँकर दिसला की मोठ्या घरच्या बाया हंडे घेऊन येत नाहीत, गडी पाठवतात. गडी रांगेत उभे राहत नाहीत, मालकाचं नाव सांगतात. आणि मालक संध्याकाळी नगरपालिकेत येऊन पाणी गढूळ होतं म्हणून तक्रार करतात. शेवटची खेप भीमनगरची. ती शेवटची का, तर तिकडचा रस्ता खराब आहे. रस्ता खराब का, तर तिकडं भीमनगर आहे. हे असं गोल गोल भुजंगला पाठ होतं, आणि वर्षानुवर्षं तो शेवटच्या खेपेला उरलंसुरलं पाणी घेऊन तिकडं जायचा आणि मनातल्या मनात गावाला शिव्या द्यायचा. मनातल्या मनात. त्याच्या तिरस्काराचा आवाज कधी कुणी ऐकला नाही.

*

अठ्ठ्याहत्तर साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि इकडं गावोगाव वस्त्या पेटल्या. मग सोळा वर्षं ते नाव लटकत राहिलं. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला ते एकदाचं लागलं. त्या दिवशी भीमनगरात नीळ उधळली गेली, आणि बाजारपेठेत दुकानदारांनी तिळगूळ असा दिला की जणू कुणाच्या तरी तेराव्याला आलेत.

दुसऱ्याच दिवशी भीमनगरचे नगरसेवक सिताराम अर्ज घेऊन नगरपालिकेत आले. स्टेशनपासून भीमनगरपर्यंतचा रस्ता मंजूर झाला होता. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं.

नगराध्यक्ष दिनकररावांची कापसाची जिनिंग होती, ऐंशी एकर काळी जमीन होती आणि विचार एकच होता. तो वर आलाच आहे, पानासकट. त्यांनी भुजंगला बोलावून घेतलं.

"या भुजंगराव. बसा."

भुजंग उभाच राहिला. या खोलीत त्याला 'बसा' म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. काहीतरी वाईट असणार.

"भीमनगरच्या रस्त्याला तुमचं नाव द्यायलोत."

"कोणत्या रस्त्याला? तिथं खडी हाय. खडीवर शेळी बसती."

"रस्ता व्हतो हो मागनं. आधी नाव लागू द्या."

कोपऱ्यात हेडक्लार्क विष्णुपंत बसले होते. विष्णुपंतांनी आयुष्यात एक वीटसुद्धा उचलली नव्हती, पण नियमाच्या खाली नियम असतो तो ते नखानं उचकटून काढत. ते खाकरले आणि म्हणाले, "एकच अडचण आहे. तुम्ही हयात आहात."

हे त्यांनी असं सांगितलं, की जणू भुजंगच्या शर्टावर आमटी सांडली आहे आणि ती त्याच्या लक्षात आलेली नाही.

"मंग?"

"हयात व्यक्तीचं नाव रस्त्याला देता येत नाही. म्हणून ठरावात 'शहीद' असा शब्द घातला आहे."

भुजंगनं उजवा कान पुढं केला. "कोण शहीद?"

"तुमी हो," दिनकरराव म्हणाले. "आता शहिदाच्या नावाला सिताराम विरोध करून बघू दे. पेपरात छापून आणतो, भीमनगरवाले देशाच्या जवानाला मानीत न्हाईत म्हणून. तोंड उघडायचा न्हाई."

"आन मला काय?"

"तुमाला कायम करतो. पाणीपुरवठा निरीक्षक. प्रभारी बिभारी गेलं."

"मेलेल्याला कायम कसं करणार?"

विष्णुपंतांना या प्रश्नाचा मनापासून आनंद झाला. "रस्त्याच्या फाइलीत तुम्ही शहीद. आस्थापनेच्या फाइलीत तुम्ही निरीक्षक. या दोन फाइली एकमेकींना भेटत नाहीत. वीस वर्षं बघतोय, कधीच भेटल्या नाहीत."

भुजंगनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. एकाच्या ओठाला चुना लागला होता, दुसऱ्याच्या बोटाला शाई. ह्यांच्यासाठी मी मरायचं, त्याला वाटलं, आणि तेही ह्यांच्या सोयीनं. मग त्यानं मान हलवली. कशी हलवली? होकाराची.

*

चतुराबाई शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, शेंगा फोडायच्या न थांबता.

"मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय म्हणतात," भुजंग म्हणाला.

"उठली तर वाढतंय. तुमी तर आपल्या मुंडीनं व्हय म्हणून मरायलाव."

"कायम करायलेत."

"मेल्यावर कायमच असतंय की माणूस."

"तुला साडी देणार हायत. स्टेजवर. वीरपत्नी म्हणून."

चतुराबाईंचा हात थांबला. "कोणत्या रंगाची?"

भुजंग उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. बैल त्यांच्याकडं नव्हता. विकून दोन वर्षं झाली होती. पण उठून जायला काहीतरी लागतं.

पाटी प्रजासत्ताक दिनाच्या आधीच ठोकून झाली. स्टेशनसमोर, लिंबाच्या बाजूला, खडीच्या ढिगाच्या डोक्यावर. येणारेजाणारे वाचायचे आणि हसायचे; समोरून भुजंग टँकर घेऊन आला की हसणं गिळायचे आणि नमस्कार करायचे, आणि तो पुढं गेला की गिळलेलं बाहेर काढायचे. एकानं तर विचारलं, "भुजंगराव, वर पाण्याची सोय कशी काय हाय?"

त्याच आठवड्यात दिनकररावांच्या घरी हळदीकुंकू होतं. चतुराबाई गेल्या. दिनकररावांच्या मंडळी सुमंगलाबाई करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आल्या, चतुराबाईंसमोर आल्या, आणि त्यांचं बोट हवेत राहिलं.

"तसं काही नाही हो," सुमंगलाबाई म्हणाल्या. "पण पाटी लागली ना."

आणि बोट शेजारच्या बाईकडं गेलं. चतुराबाईंच्या हातात तिळगूळ आला. गोड बोला, असंही म्हटलं गेलं.

घरी येऊन त्यांनी भुजंगला एवढंच सांगितलं. "बोट कपाळापातूर आलं आन वळलं."

"ती बाई येडी हाय."

"व्हय. ती येडी हाय. तुमी शाने हाव."

त्या रात्रीचं जेवण कुणी वाढलं नाही. भुजंगनं आपलं आपण घेतलं, आणि जेवताना त्याच्या मनात आलं की आपण गावाला इतकी वर्षं नावं ठेवत आलो, पण आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी तसंच बघतंय. हा विचार त्याला आवडला नाही. त्यानं तो भाकरीबरोबर खाल्ला.

*

सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचा क्रम:
झेंडावंदन. आमदारसाहेबांचे आगमन, जे होईल तेव्हा. शहिदाच्या प्रतिमेचे पूजन. मार्गाचे उद्घाटन, जो नाही. वीरपत्नीचा सत्कार. आमदारसाहेबांचे मार्गदर्शन. अल्पोपाहार, फक्त मंचावरच्यांसाठी.

आणि एक बाब छापलेली नव्हती. शहिदानं गावाबाहेर जायचं.

"वालूरला पाव्हण्यांचं लग्न हाय, पाणी लागतंय," दिनकरराव म्हणाले होते. "टँकर घेऊन सकाळीच निघा."

"आमदारसाहेबांसमोर तुम्ही दिसलात तर ते बरं दिसणार नाही," असं विष्णुपंतांनी वर जोडलं.

भुजंग निघाला. टँकर भरून, खाकी शर्ट घालून, कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता. स्टेशनच्या पलीकडचं फाटक बंद होतं. पॅसेंजर यायची होती. फाटकवाला किशनराव खाटेवर बसून बिडी पीत होता. त्यानं टँकर बघितला आणि उभा राहून सॅल्यूट ठोकला.

"काय शहीद, कुणीकडं?"

"वालूरला."

"मला वाटलं, वर. म्हटलं, टँकर घेऊन कसं काय जाऊ देत्यात."

"फाटक उघड गुमान."

"गाडी येऊ द्या की. का दुसऱ्यांदा मरायचं हाय?"

लिंबाला बांधलेल्या कर्ण्याचं तोंड बरोबर फाटकाकडं होतं. अण्णासाहेबांचा आवाज रुळांवरून सरळ इथं येत होता. आमदार आलेले असावेत, कारण अण्णासाहेब आता मागं हटत नव्हते. सात रणगाडे आले. आठ झाले. भुजंगरावांनी छातीला बाँब बांधला. भुजंगराव शत्रूच्या रणगाड्याखाली आडवे झाले. शेवटचा श्वास घेताना त्यांच्या ओठांवर दोनच नावं होती, भारतमाता आणि आपलं हे गाव.

"आगं आई," किशनराव म्हणाला. "तुमी तर लय वंगाळ मेलाव."

भुजंग स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. त्याला अण्णासाहेबांचा राग येत नव्हता, हे त्याला जरा विचित्र वाटलं. ऐकायला बरं वाटत होतं. बाँब बांधला तिथं तर त्याचा उजवा खांदा आपोआप वर गेला होता.

"आणि आता," कर्णा म्हणाला, "वीरपत्नी श्रीमती चतुराबाई काष्टे यांना मी विनंती करतो, की साडीचोळीचा स्वीकार करून त्यांनी दोन शब्द बोलावेत."

माईक शिटी मारून गप्प झाला. अण्णासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "बोला, बोला, काहीही बोला." ती हलकी सूचनासुद्धा अख्ख्या स्टेशनला ऐकू आली.

मग चतुराबाईंचा आवाज. मोठा नाही. हळदीकुंकवाला दारात अडवल्यावर बाई जशी मान वर करून नवऱ्याचं नाव घेते, तसा.

"टँकरला सहा चाकं, मागं एक तोटी,
भुजंगरावांचं नाव घेते, तुमची पाटी खोटी!"

किशनरावाच्या हातातली बिडी पडली.

क्षणभर काही कळलं नसावं कुणाला. मग बाया हसल्या. आधी बायाच. ज्यांना ठाऊक होतं की नवरा गेलेली बाई नाव घेत नसते, कधीच नाही, कुठंच नाही. उखाणा घेतला म्हणजे माणूस घरात आहे, जेवून उठलाय, टँकर घेऊन गेलाय. त्यांच्या मागून पोरं हसली, मग बाप्ये. कर्णा नुसता हसण्यानं भरून गेला. त्यात आमदाराचा जाड आवाज, "काय झालं? काय झालं?" आणि विष्णुपंतांचा, "माईक बंद करा आधी."

किशनराव मांड्या थोपटत होता. "जिवंत केलं की हो बाईनं तुमाला! फुकटात!"

पॅसेंजर धडधडत गेली. फाटक उघडलं. पलीकडं वालूरचा रस्ता मोकळा होता.

भुजंगनं टँकर तिथल्या तिथं वळवला. अवघड होतं, दोनदा मागं घ्यावा लागला.

*

अर्ध्या वाटेत चतुराबाई समोरून येताना दिसल्या. एकट्या. हिरव्या बांगड्या, मोठं कुंकू, हातात साडी नाही. भुजंगनं टँकर थांबवला, दार उघडलं.

"बस."

"चालते मी."

"बस की. घरला जाऊ."

त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "घरला जायाचं असतं तर तुमी घराचं वळण सोडून इकडं आला नसता. जावा. तुमची वाट बघायलेत."

आणि त्या पदर खोचून चालू लागल्या. भुजंग आरशात त्यांची पाठ बघत राहिला. मग त्यानं गिअर टाकला. पुढचा.

मंडपात त्याला बघून जो आरडाओरडा झाला, तो त्याच्या कोणत्याही सत्काराला झाला नव्हता. आता तुम्हाला वाटेल दिनकररावांचं तोंड काळं पडलं. ते पडत नसतं. ते तसल्या कातड्याचंच नसतं. दिनकररावांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "बंधूंनो, हाच तो जवान! मरणाला परत पाठवून आलेला!" टाळ्या पडल्या. ज्यांनी आत्ता पोट धरून हसून घेतलं होतं त्यांनीच वाजवल्या. आमदारांनी, ज्यांना अजूनही नीट काही कळलं नव्हतं, भुजंगचा हात हातात घेऊन फोटोपुरता धरून ठेवला. अण्णासाहेबांनी बाँबचं काही बोलायचं टाळून डोळे पुसले. पेंटरला धरून आणलं, शिडीवर चढवलं, 'शहीद'वर पिवळा रंग मारून त्या जागी 'वीर' लिहून घेतलं.

"पण नियम?" भुजंगनं विष्णुपंतांना विचारलं.

"नियम पाटी लावायचा आहे," विष्णुपंत म्हणाले. "लागलेली पाटी काढायचा नाही."

दिनकररावांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि टाकता टाकता उजव्या कानात म्हणाले, "कायम व्हायचं विसरा आता. बायकोला आवरता येत न्हाई, गावाचं पाणी काय आवरणार."

भुजंगनं शाल नीट करून घेतली.

मंडळी अल्पोपाहाराला गेली. मंडप रिकामा झाला. मागं लिंबाखाली भीमनगरची माणसं उभी होती, सकाळपासून तशीच. त्यातून सिताराम पुढं आले.

"भुजंगराव, जित्ते झालाव, बरं वाटलं."

"व्हय."

"आता एक करा. शिडी हाय तशीच हाय. वर चढा आन पाटी काढा. तुमचंच नाव हाय, तुमाला कोण अडवणार? आमी काढली तर दंगल व्हती. तुमी काढली तर नुसती पाटी निघती."

बोलणं बरोबर होतं. भुजंगनं शिडीकडं बघितलं. मग तिच्यावरून नजर वर गेली. ऊन बरोबर पत्र्यावर पडलं होतं. वीर भुजंगराव काष्टे मार्ग. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या नावापुढं 'प्रभारी' नव्हतं. अक्षरं खरंच चांगली काढली होती.

"रंग वला हाय अजून, सितारामभाऊ," तो म्हणाला.

सितारामांनी थोडा वेळ वाट बघितली, ह्यापुढं काही येतंय का म्हणून. मग ते वळले आणि आपल्या माणसांना घेऊन खडीच्या कडेकडेनं निघून गेले.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात भीमनगर जळत होतं तेव्हा नगरपालिकेचा टँकर काठोकाठ भरलेला होता, आणि त्याची किल्ली भुजंग काष्टेच्या खिशातच राहिली.